जीप हवेत असताना

आमच्या लोकलची वेळ मी सांगणार नाही. सांगितली तर उद्या आणखी चार जण येतील आणि डब्यात चार जणांची जागा नाही. खरं तर आम्हा जुन्या मंडळींचीही नाही, पण आम्ही रोज मावतो. विरारहून सुटणारी सकाळची फास्ट, एवढ्यावर भागवून घ्या.

या डब्यात गेला पंधरवडा एकच वाद चालू आहे. ती जीप त्या पुलावरून पलीकडे जाऊ शकते की नाही?

जीप सिनेमातली. एका रविवारी रात्री टीव्हीवर लागलेला कुठलासा मारधाडीचा विनोदी सिनेमा डब्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी पाहिला होता. नाव कोणालाच आठवत नव्हतं आणि प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ होता. हिरो जीप घेऊन अर्धवट बांधलेल्या पुलावर येतो. पूल संपतो, जीप संपत नाही. ती हवेत असताना हिरो मागे वळून गुंडाला थोबाडीत मारतो, गॉगल सावरतो, एक विनोद सांगतो आणि पलीकडच्या टोकाला अलगद उतरतो. शेजारी बसलेल्या त्याच्या मित्राच्या हातातला चहा एक थेंबही सांडलेला नसतो.

सोमवारी वसईला फिजिक्सचे सर चढले ते तापलेलेच. सर ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झालेत आणि आता अंधेरीच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना गती शिकवतात. दोन वस्तू एकाच वेळी एकच जागा व्यापू शकत नाहीत, हे ते गेली पस्तीस वर्षं शिकवतायत आणि गेली पस्तीस वर्षं ते वसईला या डब्यात चढतायत. या दोन गोष्टींचा मेळ त्यांनी कसा घातलाय हे विचारायची आमची कोणाची हिंमत झालेली नाही.

"जीप ताशी ९० धरू," सरांनी पेपरच्या कडेला आकडे मांडायला घेतले. "म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पलीकडचं टोक ५ मीटर खाली होतं. ५ मीटर पडायला लागतो साधारण १ सेकंद. तेवढ्यात जीप जाणार २५ मीटर. आणि मधली फट? ६० मीटर तरी होती!"

"म्हणजे किती स्पीड पाहिजे सर?" नालासोपाऱ्याच्या पोरानं विचारलं.

"ताशी २१६."

"पण सर, त्यानं विनोदपण सांगितला ना. त्याला चार सेकंद लागले. म्हणजे जीप चार सेकंद हवेत होती."

"चार सेकंदांत ती ७८ मीटर खाली गेली असती!"

"गेली नाही ना? मग ती विनोदामुळंच राहिली."

सरांनी पेपरची घडी घातली. त्या दिवशी भाईंदर आलं तरी ते बोलले नाहीत.

हा नालासोपाऱ्याचा पोरगा मालाडला एका स्टुडिओत काम करतो. काय काम करतो, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तो दोऱ्या पुसतो. हिरोच्या कमरेला हार्नेस बांधतात, क्रेनवरून त्याला खेचतात आणि मग पडद्यावर हिरोच तेवढा दिसावा म्हणून हा पोरगा दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून एकेका फ्रेममधली दोरी पुसतो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. म्हणजे हिरो तीन सेकंद उडाला की हा ७२ वेळा पुसणार. एकदा दोरीबरोबर हिरोच्या पोटाचाही थोडा भाग पुसला गेला, तर हिरोकडून खास निरोप आला, की काम छान झालंय, पुढच्या सगळ्या शॉटमध्ये असंच करा.

आता या वादात आम्ही तटस्थ राहावं, तर आमच्या गावाला ते शोभणार नाही. कारण गोविंदा विरारचा. वडील अरुण आहुजा एके काळचे नट, आई निर्मलादेवी गायिका. वडिलांनी काढलेला सिनेमा बुडाला आणि कार्टर रोडचा बंगला सोडून घर विरारला आलं. गोविंदानं वसईच्या वर्तक कॉलेजातून कॉमर्सची पदवी घेतली, लोकलनं मुंबईला खेपा घातल्या आणि १९८६ साली 'इल्जाम' मधून तो पडद्यावर आला. 'विरार का छोकरा' हे बिरुद त्याला अजून चिकटलेलं आहे. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे आणि चेहऱ्यावर हसू, ही अंगविद्या त्यानं कोणत्या गुरूकडून घेतली यावर लोक चर्चा करतात. आम्ही करत नाही. गर्दीच्या वेळी बोरिवलीला न उतरता दारापाशी ज्यानं चार दिवस उभं राहून दाखवलंय, त्याला ते आपोआप येतं.

त्याचा 'आँखें' १९९३ चा. त्यात एक माकड आहे आणि ते माणसांपेक्षा शहाणं आहे. मग 'बडे मियाँ छोटे मियाँ' आला. त्यात अमिताभ आणि गोविंदा, दोघांचे डबल रोल. दोन पोलीस, हुबेहूब तसेच दोन चोर आणि अडीच तास धुमाकूळ. १६ ऑक्टोबर १९९८ च्या ज्या शुक्रवारी तो लागला, त्याच शुक्रवारी 'कुछ कुछ होता है' लागला. त्या दिवशी आमच्या घरात फूट पडली. बहीण आणि तिच्या मैत्रिणी रडायला गेल्या, मी आणि मामा हसायला गेलो. रात्री जेवताना मामा म्हणाला, "पैसे दोघांचे सारखेच गेले, पण तिचा रुमाल ओला झालाय, माझा कोरडा आहे." हा मला आजवर ऐकू आलेला सिनेमाचा सर्वांत नेमका ताळेबंद वाटतो.

मंगळवारी सरांनी बाजू बदलली. म्हणाले, "माझा मारधाडीला विरोध नाही. विनोदालाही नाही. पण करायचं तर बस्टर कीटनसारखं करावं. १९२८ चा 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' बघा. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर पडते. तो जागचा हलत नाही. माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून येते आणि तो खिडकीतून उभाच्या उभा राहतो. भिंत खरी, वजन खरं, माणूस खरा. आधी हिशोब केला होता!"

"आणि हिशोब वीतभर चुकला असता तर?"

"तर मेला असता."

"म्हणजे सर, खरा माणूस मरायची पाळी आली तर तो चांगला सिनेमा, आणि आमच्या फाइट मास्टरनं पोराला खोक्यांच्या थप्पीवर आणि गाद्यांवर पाडलं, संध्याकाळी पोरगा हातपाय धड घेऊन घरी गेला, तर तो वाईट?"

डब्यात यावर बराच वेळ शांतता होती. स्टंटवाल्या पोरांची घरं आपल्याच बाजूला असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नायगाव-कामणकडे मालिकांचे सेट उभे राहिले तसे ओळखीतले निम्मे लोक कुठे ना कुठे स्पॉटबॉय, सुतार, लाइटमन म्हणून लागलेत. पडद्यावर काच फुटते तेव्हा ती साखरेची आहे हे आमच्या आळीतली पोरं आधीच सांगून टाकतात.

बुधवारी बुवा बोलले. बुवा म्हणजे आमच्या डब्यातल्या भजनाचे मुख्य. विरारला खिडकीशी बसतात, थर्मासच्या झाकणात चहा घेतात, मग टाळ काढतात. त्यांचे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली आणि बऱ्याच जणांसारखं त्यांचंही बिऱ्हाड रूळ धरून उत्तरेला सरकत सरकत विरारला आलं.

"हे हल्लीचं फॅड आहे असं सरांना वाटतं," बुवा म्हणाले. "आमचे वडील मास्टर भगवानचे स्टंटपट बघायला जायचे. 'अलबेला' १९५१ चा. त्याच्या आधी भगवानदादांनी डझनावारी मारामारीचे सिनेमे काढले, कमी पैशांत, कामगार लोकांसाठी. ते स्वतःसुद्धा गिरणी कामगाराचा मुलगा. वडील सांगायचे, दहा तास साच्यावर उभं राहिल्यावर माणसाला पडद्यावर खरं काय बघायचंय? खरं तर पुरेसं झालेलं असतं."

मला सगळ्यात पटलेला मुद्दा मात्र याच्याही मागचा आहे. आमच्या वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला. त्या वेढ्याची आख्यायिका इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. किल्ला पडेना, तेव्हा अप्पा म्हणाले म्हणे, की किल्ला हाती येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेत घालून आत उडवा. ही गोष्ट आमच्या बाईंनी चौथीत सांगितली तेव्हा अख्ख्या वर्गाच्या अंगावर काटा आला. तोफेचा कोन किती, मस्तकाचं वजन किती, तटाची उंची किती, असं एकानंही विचारलं नाही. सरांनीही, ते वसईचेच असल्यामुळे, चौथीत विचारलं नसणार.

आणि भाषेचं म्हणाल तर अतिशयोक्ती आपल्याला व्याकरणाच्या पुस्तकातून, मार्क देऊन शिकवलेली आहे. एका दमडीचं तेल आणायचं, त्यात घरातल्या सगळ्यांची न्हाणी, दाढ्या, शेंड्या उरकायच्या, तरी तेल उरायचं, लवंडायचं आणि त्याच्या ओघळात शेवटी उंट पोहून जायचा. आम्ही ते घोकलं, दोन मार्कांना लिहिलं आणि पास झालो. उंट पोहला तो अलंकार, आणि जीप उडाली ती फालतूगिरी?

गुरुवारी वाद घरी नेला. बायको भाजी निवडत होती. तिनं जीपचा प्रसंग पाहिला होता आणि तिला तो मुळीच खटकला नव्हता. "उडू दे की," ती म्हणाली. "मला सांग, त्यानं चिखलात बारा जणांना लोळवलं आणि घरी आला तेव्हा शर्ट पांढराशुभ्र होता. असला शर्ट आपल्या घरात एक तरी आहे? तुझा तर नुसतं लोकलनं जाऊन येतो तरी कॉलर दोनदा घासावी लागते. हे साफ खोटं आहे."

तिच्या बोलण्यावरून मला आमच्या आळीतला गणपती आठवला. पूर्वी एका रात्री पडदा लावून सिनेमा दाखवायचे. रस्त्याच्या एका अंगाला पडदा, दोन्ही बाजूंना माणसं. मागच्या बाजूच्यांना सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा व्हायचा. एका वर्षी मारधाडीचा सिनेमा होता. आमच्या वाडीतली भाजीवाली मावशी पुढे पाट घेऊन बसली होती. गुंड दहाव्या मजल्यावरून पडला, मावशी हसली. हिरोनं एका हातानं मोटार उचलली, मावशीनं टाळ्या वाजवल्या. मग पाठलाग बाजारात शिरला आणि रिवाजाप्रमाणे मोटार भाजीच्या हातगाडीत घुसली. टोमॅटो, फ्लॉवर, मिरच्या रस्ताभर. मावशी पाटावरून उठली. "मेल्या! आंधळा आहेस काय? भरून कोण देणार?" पडद्यावरचा हिरो न थांबता गेला, त्यानं मावशी आणखी भडकली. सिनेमा संपेपर्यंत ती मोठ्यानं हिशोब करत होती. टोमॅटोची पाटी एवढ्याची, मिरचीची एवढ्याची. शेवटी हिरोचं लग्न लागलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मावशी म्हणाली, "लग्नाला पैसे आहेत मेल्याकडं."

तेव्हाच खरं तर या वादाचं उत्तर मिळालं होतं, माझ्या लक्षात यायला तीस वर्षं गेली. खोटं कोणालाच खटकत नाही. खटकतं ते आपल्या धंद्यातलं खोटं. मावशीला मोटार उचललेली चालते, मिरची सांडलेली चालत नाही. बायकोला जीप चालते, शर्ट चालत नाही. बुवांना हिरोनं वीस जण लोळवलेले चालतात, पण भजनाच्या प्रसंगात टाळ तालाला सोडून वाजले की ते उठून पाणी प्यायला जातात. दोऱ्या पुसणाऱ्या पोराला भुताखेतांचं काही वाटत नाही, पण हिरो उडताना शर्ट कमरेपाशी ओढला गेलेला दिसला की त्याचं जेवणातलं लक्ष उडतं. "राहिली बघा," तो कळवळून म्हणतो, "दोरी पुसली, पण चुणी राहिली." माझे एक वकील स्नेही आहेत. कोर्टाच्या प्रसंगात हिरो पुरावा घेऊन धावत आत येतो, तेव्हा ते टीव्हीच बंद करतात. आणि सरांच्या धंद्यातलं खोटं म्हणजे गुरुत्वाकर्षण. त्यांचं दुर्दैव एवढंच, की मारधाडीच्या सिनेमाचा सगळा व्यवहार त्यांच्याच दुकानातल्या मालावर चालतो.

हे मी शुक्रवारी डब्यात मांडलं. सरांना ते आवडलं नाही. "म्हणजे माझा आक्षेप तत्त्वाचा नाही, दुकानाचा आहे, असं तुम्हाला म्हणायचंय?"

"तसं नाही सर..."

"तसंच आहे. पण मग सगळेच उडणारे सिनेमे चालायला हवेत. ते 'बडे मियाँ' परत काढलं ना २०२४ साली? नाव तेच, पैसा कितीतरी जास्त. त्यात काय उडत नव्हतं? मग का आपटलं?"

हा मुद्दा बिनतोड होता. पोरगा गप्प झाला. बुवांनी टाळ काढायला घेतले.

मी म्हटलं, मराठीत उत्तर आहे. महेश कोठारे. या माणसानं १९८५ ला 'धुमधडाका' काढला आणि पुढली दहा वर्षं मराठी माणसाला तर्काची सुट्टी दिली. 'थरथराट' मध्ये टकलू हैवान. 'धडाकेबाज' मध्ये सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावर कवट्या महाकाळ आणि बाटलीत मावणारा लक्ष्मीकांत बेर्डे. १९९३ च्या 'झपाटलेला' मध्ये तर व्हिलन म्हणजे हातभर बाहुला. रामदास पाध्यांनी केलेला तो तात्या विंचू बघून आमच्या पिढीतल्या कित्येकांनी घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडल्या. आणि 'दे दणादण', १९८७ चा. मारुतीच्या कृपेनं लक्ष्याच्या अंगात अचाट बळ येतं, फक्त लाल रंग दिसला की ते ओसरतं. हे सिनेमे आज तिसरी पिढी बघतेय. का बघतेय?

"मी असले सिनेमे बघत नाही," सर म्हणाले. "त्यामुळे मला विचारू नका."

शनिवार-रविवार गेले. काल गाडीनं नायगाव सोडलं आणि खाडीचा पूल यायच्या जरा अलीकडे ती थांबली. खारं वारं, दूरवर मिठागरं, डब्यात घाम. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मस्टर, लेट मार्क, साहेबाचा चेहरा, असं एकेकाच्या डोळ्यांपुढून जायला लागलं. दारातल्यानं खांबाला धरून मान बाहेर काढली आणि बातमी आत पाठवली.

"सिग्नल लाल आहे."

एक मोठा सुस्कारा. आणि त्या सुस्काऱ्यात, कोणाचीतरी बॅग आणि कोणाचीतरी काख यांच्या मधून, सरांचा आवाज आला.

"लाल रंग दिसला. बळ ओसरलं."

भजन थांबलं.

"सर!" पोरगा ओरडला. "तुम्ही 'दे दणादण' बघितलाय?"

"नातवानं लावला होता."

"किती वेळा?"

"किती वेळा हा प्रश्न नाही," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात क्लासमधला करडेपणा आला. "प्रश्न नियमाचा आहे. त्या सिनेमात लाल म्हणजे बळ गेलं हे एकदा ठरलं. मग ते शेवटपर्यंत पाळलं. व्हिलनलाही ते कळतं, तोही त्याचा उपयोग करतो. गृहीतक काहीही असू द्या, माझी हरकत नाही. आम्हीसुद्धा घर्षण शून्य धरतोच. पण एकदा धरलं की मधेच सोडायचं नाही. त्या २०२४ वाल्यांचं गृहीतक काय होतं, सांगा. आणि तुमच्या त्या जीपचं?"

पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे सर, सिनेमाच्या सुरुवातीलाच जर दाखवलं असतं की ही जीप विनोद सांगितला की पडत नाही, तर?"

सरांनी डोळे मिटले. ते किती वेळ विचार करत होते सांगता येत नाही, गाडी थांबलेली असली की वेळ कळत नाही.

"तर ६० मीटर मी चालवून घेतले असते," ते शेवटी म्हणाले. "चहाचं मात्र नाही. चहा सांडायलाच पाहिजे. जीपला वर आहे, चहाला कोणी वर दिलाय?"

तेवढ्यात सिग्नल मिळाला. गाडीनं असा हिसका दिला की दारातली माणसं आत आली, आतली मधे आली आणि मधली एकमेकांत गेली. बुवांच्या हातात थर्मासचं झाकण होतं, काठोकाठ भरलेलं. त्यांच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दाटून बसलेले तिघं, समोर सहा गुडघे. हलायला कोणालाच जागा नव्हती, चहालाही नव्हती.

तो सांडला नाही.

बुवांनी शांतपणे एक घोट घेतला. सर त्या झाकणाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी सवयीनं खिशातलं पेन काढायला हात वर घ्यायचा प्रयत्न केला, पण हात थेट बोरिवलीपर्यंत वर आला नाही.